त्यांनी विचारलं नाही, तुम्ही सांगा

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, मी घोरपडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहते. माझे मिस्टर लोको पायलट आहेत. आधी बरीच वर्षं मालगाडीवर होते, आता मेल-एक्सप्रेसवर. तीन महिन्यांनी रिटायर होतील. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं घर त्यांच्या ड्यूटीप्रमाणे चाललं. रात्री कधीही कॉल आला की उठून चहा, डबा, पेटी मीच बघितली. ते दिवसा झोपायचे तेव्हा मुलांना घेऊन बाहेर कट्ट्यावर बसले. सासऱ्यांना अटॅक आला तेव्हा हे मिरजेच्या रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या लोकांच्या मुक्कामाच्या जागेत) होते, दवाखान्यात सही मी केली. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही.

आता त्यांनी ठरवलंय की रिटायर झाल्यावर कराडजवळच्या गावी जायचं, दिरांच्या शेजारी घर बांधायचं, मिळणारा पैसा त्यातच घालायचा. हे मला त्यांच्याकडून कळलं नाही, जावेने फोनवर सांगितलं. मला पुणं सोडायचं नाही. मुलगी हडपसरला आहे. मंगळवारचं भजन आहे. कॉलनीतल्या नव्या सुना काही ना काही विचारायला येतात. गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललंय. पण आयुष्यभर घर सांभाळण्यापलीकडे मी काही केलं नाही, कमावलं ते त्यांनीच. आता नाही म्हणाले तर इतक्या वर्षांच्या केल्यावर पाणी पडेल का?

— एक गृहिणी, घोरपडी

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पाणी पडणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. तुम्ही नाही म्हणू शकता, त्यावर ठाम राहू शकता आणि रागावूही शकता. आपल्या राहत्या घराचा निर्णय जावेकडून कळला, याचा राग यायलाच हवा. तुमच्या पत्रात तो कुठे दिसला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तुमची दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत. एकीकडे लिहिता, त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. दुसरीकडे लिहिता, सासऱ्यांच्या वेळी दवाखान्यात सही मी केली. त्या रात्री कुणाचा शब्द होता? कुठल्या दवाखान्यात न्यायचं, रिक्षा की अ‍ॅम्ब्युलन्स, मुलांना कुणाकडे ठेवायचं, पैसे कुठून उचलायचे, मिरजेला निरोप लगेच पोचवायचा की ते गाडी घेऊन परत निघण्याआधी त्यांना धक्का द्यायचा नाही, हे सगळं तुम्ही एकटीने ठरवलंत. आणि ती एकच रात्र नसणार. मुलांच्या शाळा, तापातल्या रात्री, गळकं छप्पर, नणंदेच्या लग्नातला आहेर, दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची. ज्या घरातला माणूस केव्हा जाईल आणि केव्हा येईल हे लॉबी, म्हणजे ड्यूटी लावणारं ऑफिस, ठरवते, त्या घरातले निर्णय बाई घेते. मग तो दारात आला की ती ते अशा रीतीने सांगते, की त्याला वाटावं आपणच घेतले. रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर ड्यूटी करणाऱ्यांच्या, कितीतरी घरांतली ही रीत आहे. तुम्ही ती इतकी छान पाळलीत, की तुमचं तुम्हालाच आता आठवत नाही.

तुमच्या कामाबद्दलही थोडं बोलू दे, कारण 'घर सांभाळण्यापलीकडे काही केलं नाही' हे मला मान्य नाही.

रेल्वेच्या नियमात विश्रांती मोजून दिलेली आहे. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी झाली की घरच्या मुक्कामी सोळा तास रेस्ट, त्याहून कमी झाली तर बारा. कागदावर हे ठीक आहे. पण रेस्ट म्हणजे झोप नव्हे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! सकाळी नऊला घरी आलेल्या माणसाला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात, शेजारच्यांचा कुकर, भंगारवाल्याची हाळी आणि शंटिंगचे धक्के यांच्यामध्ये झोप लागायला हवी. ती झोप कुणीतरी घडवावी लागते. खिडकीला जाड चादर लावायची, बेलचा खटका बंद करायचा, डाळ त्याच्या येण्याआधी शिजवून ठेवायची, पाहुण्यांना दारातूनच हळू आवाजात परत पाठवायचं. दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये माझी मावशी राहायची. तिच्याकडे सुट्टीत गेलं की आम्हा मुलांना पहिली सूचना मिळायची ती म्हणजे काका झोपलेत. तेव्हा मोबाईल नव्हते. कॉल बॉय सायकलवरून यायचा, दारावर थाप मारायचा, कॉल बुकावर सही घ्यायचा. मावशी त्याच्या पहिल्या थापेला दार उघडायची, दुसरी थाप ऐकायची वेळच येऊ द्यायची नाही, कारण दुसऱ्या थापेला सगळं घर जागं व्हायचं.

लॉबीत साइन ऑन करताना, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावताना, लोको पायलटला श्वासाच्या यंत्रात फुंकावं लागतं. दारू घेतलेली असेल तर ते यंत्र सांगतं. माणूस नीट झोपून आलाय की नाही, हे तिथे कोण सांगणार? तीस वर्षं ती खात्री तुम्ही दिलीत. कर्जत ते लोणावळा घाटात चढ आहे ३७ फुटांना एक फूट, गाडी वर चढवायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात आणि उतरताना सगळा भरवसा ब्रेकवर आणि समोर बघणाऱ्या डोळ्यांवर. पावसाळ्यात धुकं, वरून दगड. त्या डोळ्यांमागची झोप तुमच्या घरातली होती. पगाराच्या कागदावर तुमचं नाव नसेल, पण तुमच्या मिस्टरांच्या निर्धोक नोकरीत तुमच्या कामाचा अर्धा वाटा आहे, असं मी अगदी जबाबदारीने म्हणते.

त्या घाटाचीच एक हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते. भोर घाटातल्या रेल्वेच्या कामाचं कंत्राट १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे आलं. तो इथे पोचला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची बायको ॲलिस मागे राहिली. परका देश, रोगराई, हजारो मजूर आणि अर्धवट काम. ती परत जाऊ शकली असती. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, दोन अनुभवी इंजिनियर व्यवस्थापक नेमले आणि काम पुरं करून घेतलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. तिची परिस्थिती तुमच्यापेक्षा फार वेगळी, पैसा आणि सत्ता तिच्या बाजूला होती, हे खरंच. पण नवरा समोर नसताना निर्णय घ्यायची वेळ आली आणि तिने तो घेतला, एवढं तुमच्या दोघींत सारखं आहे. तुमचे मिस्टर ज्या घाटातून गाड्या नेतात तो एका रेल्वेवाल्याच्या बायकोच्या देखरेखीखाली पुरा झालाय, हे त्यांना माहीत आहे का, विचारा एकदा.

आता त्यांच्या बाजूने.

गावी जावंसं वाटणं यात त्यांचं चुकलेलं नाही. ज्या माणसाने दिवाळीला स्पेशल गाड्या चालवल्या, आषाढीला वारकऱ्यांच्या गाड्या चालवल्या, स्वतःच्या मुलीच्या बारशाला बहुधा उशिरा पोचला, रनिंग रूमच्या कॉटवर आयुष्यातल्या शेकडो रात्री काढल्या, त्याला आपल्या मातीत, भावाच्या शेजारी, ओट्यावर बसावंसं वाटलं तर ते मला समजतं. शिवाय पुण्यात त्यांचं असं काय आहे? पुणं म्हणजे लॉबी आणि झोपायची खोली. कॉलनीतल्या गणपतीत, भाजीवाल्याशी, शाळेत, मंडळात सगळीकडे ओळखी झाल्या त्या तुमच्या. ते आत झोपलेले होते. पुणं सोडणं त्यांना सोपं वाटतं, कारण सोडायला त्यांच्या हातात फारसं काही नाही. तुमच्या हातात मात्र अख्खं गाव आहे.

न विचारणं मात्र चूकच. त्याला मी सवयीचं नाव देईन, दुष्टपणाचं नाही. पण सवय जुनी आहे म्हणून ती माफ होत नाही.

बोलायचं कसं, हे सांगते. मुलीमार्फत बोलू नका. मुलीने विषय काढला तर त्यांना वाटेल सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आणि मग ते गावाचा हट्ट धरतील. सेंड-ऑफच्या दिवशी तर मुळीच नको. त्या दिवशी हार-तुरे, फोटो, डोळ्यांत पाणी, आणि पाहुण्यांसमोर त्यांनी 'आता गावी जाणार' असं जाहीर करून टाकलं की परत फिरणं त्यांना जड जाईल. म्हणून त्याच्या आत बोला. एखाद्या रेस्टच्या दिवशी, त्यांची झोप पुरी झाल्यावर, दुपारच्या चहाला. घरच्या माणसाची झोप ओळखणारी तुमच्यासारखी बाई ही वेळ अचूक निवडेल.

आणि सुरुवात भजनापासून किंवा गुडघ्यापासून करू नका. त्यांना ती कारणं वाटतील आणि प्रत्येक कारणाला ते उत्तर देतील: गावातही भजन असतं, कराडलाही डॉक्टर आहेत. सरळ म्हणा: "घर बांधायचं ठरलंय हे मला जावेने सांगितलं. मला ते तुमच्याकडून ऐकायचं होतं. मला पुण्यात राहायचं आहे. तुम्हाला गाव हवंय हे मला कळतं. दोघांना जमेल असं काय ते आपण बसून ठरवू, पण तोवर पैसे कुठे अडकवू नका." एवढंच. मग थांबा. ते रागावतील, उठून जातील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तुम्ही लगेच मनधरणीला जाऊ नका. जेवण वाढा, आपलं काम करा, पण शब्द मागे घेऊ नका.

पैशांचं मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण खरी घाई तिथे आहे.

रिटायर झाल्यावर क्वार्टर साधारण चार महिने नेहमीच्या भाड्यावर ठेवता येतं. म्हणजे आज मोजले तर तुमच्या हातात सातेक महिने आहेत. विचार करायला ते पुरेसे आहेत, घर बांधायला नाहीत. तेव्हा 'क्वार्टर सोडायचंय म्हणून लगेच गावी' हे कारण कुणी पुढे केलं तर ते मानू नका. वर्षभर भाड्याने राहायला काय हरकत आहे? मांजरी, फुरसुंगी, हडपसरच्या बाजूला दोघांपुरती जागा बघा. मुलगी जवळ राहील. गावी जायला मिरज लाइनच्या गाड्या आहेतच, रिटायरमेंटनंतरचा पास मिळेल, आणि ती लाइन तर त्यांच्या पायाखालची. सुगीला, जत्रेला, भावाकडे महिना-महिना राहून या. कराड स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला आहे. दुखऱ्या गुडघ्याने तिथून पुढचा प्रवास करताना तुम्हाला काय वाटतं, तेही त्यांना एकदा डोळ्यांनी बघू दे. एका वर्षात दोघांनाही आपल्या मनातलं कळेल. कदाचित तुम्हालाच गाव आवडेल. ते शक्य आहे, आणि तसं झालं तर लाज वाटून घेऊ नका.

मायलेज, म्हणजे गाडी चालवलेल्या किलोमीटरवर मिळणारा भत्ता, बंद होणार, हे घरखर्चाच्या हिशेबात आत्ताच धरा. रनिंग स्टाफला पेन्शन काढताना मूळ पगारात ५५ टक्के मिळवले जातात, त्यामुळे पेन्शन बरी बसते. तरी दरमहा हातात येणारा पैसा कमी होतो. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, पण मग पंधरा वर्षं पेन्शन तेवढी कमी मिळते. ही रक्कम आणि ग्रॅच्युइटी मिळून जो आकडा दिसतो तो मोठा असतो, आणि मोठा आकडा पाहिला की घरोघरी कुणाला तरी बांधकाम सुचतं. तो आकडा तुमच्या दोघांच्या पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा आहे.

गावच्या जागेबद्दल तीन गोष्टी विचारा, आणि तोंडी उत्तरावर थांबू नका, कागद बघा. सातबाऱ्यावर किंवा गावठाणातल्या मिळकतीच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? भावाभावांत वाटणी होऊन तिची रीतसर नोंद झाली आहे का? आणि जागा शेतजमीन आहे की घर बांधता येईल अशी? सामाईक जमिनीवर एकाने आयुष्याची पुंजी घालून घर बांधायचं आणि पुढच्या पिढीत ते कुणाचं यावरून वाद व्हायचा, असं मी फार घरांत पाहिलंय. दीर चांगले असतील, असणारच. वाटणीची नोंद केल्याने चांगले दीर वाईट होत नाहीत. घर कुठेही बांधा किंवा घ्या, त्यावर तुमचं नाव हवं. पुण्यात घ्यायचं झालं आणि ते फक्त तुमच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात स्त्री खरेदीदाराला राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ही रक्कम लहान नसते.

आणि गुडघा. ऑपरेशन दोन वर्षं का ढकललंत हे तुम्ही लिहिलं नाही, पण मला कळलं. तुम्ही दवाखान्यात पडलात तर त्यांचा डबा कोण भरणार, रात्री कोण उठणार. तीन महिन्यांनी ते कारण संपतंय. पुण्यात रेल्वेचं विभागीय रुग्णालय आहे, तिथे जाऊन आत्ताच दाखवा आणि तारीख रिटायरमेंटच्या लगेच नंतरची मागा. रिटायर झाल्यावर उपचार चालू राहण्यासाठी निवृत्तांच्या आरोग्य योजनेत एकदाच वर्गणी भरून नाव घालावं लागतं, ते सेटलमेंटच्या कागदांबरोबरच करून घ्या. गावी राहायला गेलात तर हे रुग्णालय लांब पडेल, हाही मुद्दा त्या चहाच्या वेळी सांगण्यासारखा आहे. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने तुम्हाला स्वयंपाकघरात उभं राहता येणार नाही. त्या काळात घर त्यांच्या हातात द्या, खरोखर द्या. पलंगावरून सूचना देत राहू नका. मिठाचा डबा त्यांचा त्यांना सापडेल. रनिंग रूमला स्वतःचं पीठ-डाळ पेटीतून नेऊन राहिलेला माणूस आहे, उपाशी ठेवणार नाही तुम्हाला. आणि बरं वाटल्यावर सगळं परत ओढून घेऊ नका. सकाळचा चहा, बाजार, संध्याकाळची भांडी, काय ते त्यांच्याकडे राहू द्या. नाहीतर साठीनंतर तुमच्या वाट्याला येईल ती चोवीस तास घरी असलेल्या माणसाची ड्यूटी, आणि तिला रेस्टचा नियमसुद्धा नाही.

झोपेचंही सांगून ठेवते. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने ते रात्री दोन-तीनला उठून बसतील, घड्याळ बघतील, फोन बघतील. तुम्हीही उठाल. प्रत्येक वेळी चहा टाकायला जाऊ नका. दोघांनी ठरवून एका वेळेला निजायची सवय लावा. महिने गेले तरी झोप लागत नसेल, चिडचिड वाढत असेल, दोघांपैकी कुणीही गप्प गप्प राहायला लागलं, तर डॉक्टरांना सांगा. तीस वर्षं उलटसुलट झोपलेल्या शरीराला वेळ लागतो.

कॉलनीतल्या नव्या सुनांबद्दल तुम्ही अर्धंच वाक्य लिहिलंत, आणि मला तेच पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. असिस्टंट लोको पायलटशी लग्न करून लातूर-नांदेडहून, कधी बिहारहून आलेली मुलगी, नवरा पहाटे गेला की दोन दिवस एकटी, तिला कोण सांगणार की डब्यात दशम्या दे, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात? की तो आल्या आल्या घरातली भांडणं सांगू नकोस, आधी झोपू दे, पण झोपून उठल्यावर मात्र नक्की सांग, मनात ठेवू नकोस? की फोन लागला नाही म्हणून घाबरायचं नसतं, इंजिनात फोन उचलत नाहीत? हे तुम्हाला तुमच्या सासूबाईंनी किंवा शेजारणीने शिकवलं असेल. आता त्या तुमच्याकडे येतात. क्वार्टर सुटलं तरी त्यांना तुमचा नंबर द्या, महिन्यातून एखाद्या मंगळवारी भजनाच्या तासभर आधी जा. हे सोडू नका, असं मी आग्रहाने म्हणते. 'पुण्यात तुझं काय काम आहे' असं मिस्टरांनी विचारलं, तर तुमच्याकडे सांगायला हे आहे.

शेवटचं काम या आठवड्यातलं आहे, बोलणं होण्याच्याही आधीचं. पेन्शनच्या कागदांवर तुमचं नाव, जन्मतारीख आणि दोघांचा एकत्र फोटो लागतो. आधारवर, बँकेत आणि त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तुमचं नाव एकसारखं आहे का ते तपासा. माहेरचं नाव, सासरचं नाव, एका अक्षराचा फरक, यावरून पुढे फॅमिली पेन्शनच्या वेळी बायकांना फार हेलपाटे पडतात. पेन्शनचं खातं दोघांचं जॉइंट करा. चूक आढळली तर पर्सनल ब्रांचमधल्या वेल्फेअर इन्स्पेक्टरना भेटा, हे त्यांचंच काम आहे. मिस्टरांबरोबर तुम्ही स्वतः जा, कागद स्वतः वाचा, आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स तुमच्या कपाटात, तुमच्या फाइलमध्ये ठेवा.